कुत्र्याच्या छत्रीची अदृश्य उडी

पावसानंतर बागेत अनोळखी छत्र्या उगवल्या की दोन प्रश्न हमखास येतात. विषारी आहेत का, आणि एका रात्रीत आल्या कुठून? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: त्या तिथंच होत्या. बुरशीचा खरा देह म्हणजे माती, पालापाचोळा आणि कुजक्या लाकडातून पसरलेलं बारीक तंतूंचं जाळं. छत्रीचे इवले कोंबही त्यात आधीच तयार असतात; ओल मिळाली की त्यांच्या पेशी पाणी पिऊन ताणल्या जातात. म्हणूनच छत्र्या उपटल्या तरी बुरशी जात नाही, आणि बहुतेक वेळा तिला घालवायची गरजही नसते.

छत्रीचं काम एकच, बीजाणू सोडणं, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी पसरवणं. ते ती ज्या रीतीनं करते त्याला माझ्या मते निसर्गात तोड नाही.

छत्री उलटी केली की खाली पातळ पडद्यांच्या रांगा दिसतात. बीजाणू या पडद्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटून वाढतात. आकार मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. नुसता सुटला तर तो पडद्यालाच चिकटून वाया जाईल. ते टाळण्यासाठी बीजाणूच्या बुडाशी साखरेसारखे पदार्थ पाझरतात, ते हवेतली वाफ ओढून घेतात आणि तिथं पाण्याचा एक थेंब फुगू लागतो. बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर जमलेला असतो. फुगता थेंब या थराला टेकला की पृष्ठताणामुळे क्षणार्धात त्यात ओढला जातो, आणि त्या हिसक्यानं बीजाणू उडतो. विनिपेगच्या बुलर या शास्त्रज्ञानं याचा कसून अभ्यास केला, म्हणून हा 'बुलरचा थेंब'.

पृष्ठताणाची ऊर्जा क्षेत्रफळावर अवलंबून, तर वस्तुमान आकारमानावर. त्यामुळे ढोबळमानानं त्रिज्या चौपट लहान केली तर वेग दुप्पट होतो. एवढ्याशा कणाला गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट त्वरण मिळतं ते यामुळेच. पण त्याच लहानपणामुळे हवा त्याला लगेच अडवते. मिलिमीटरच्या काही अंशांतच तो थबकतो, म्हणजे दोन पडद्यांच्या मधोमध, आणि तिथून सरळ खाली पडतो. थेंबाचा आकार थोडा चुकला तरी सगळं फसेल!

ही पडझड घरी पाहता येते. छत्रीचा देठ कापून ती पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी (हात नंतर धुवावेत). सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. हिरवळीवर येणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा चक्क हिरवट असतो. ती खाल्ली तर भयंकर उलट्या होतात. जीवघेण्या डेथ कॅपचा ठसा पांढरा, पण अनेक निरुपद्रवी छत्र्यांचाही पांढराच. फोटोवरून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपला तर हा ठसा दिसतच नाही. त्याच्या भरवशावर छत्र्या शिजवायला घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

चांदीचं नाणं टाकून विष ओळखण्याची युक्तीही तितकीच बिनबुडाची. डेथ कॅपमुळे चांदी काळी पडत नाही आणि शिजवून तिचं विष जात नाही. त्रास सुरू व्हायला बहुधा सहा तासांहून जास्त लागतात, आणि मधल्या काळात विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. म्हणून कुणी अनोळखी छत्री खाल्लीच, तर लक्षणांची वाट न पाहता उरलेला तुकडा सोबत घेऊन रुग्णालय गाठावं.