गाडी बंद, करंट जागा

गाडी दारात उभी आहे. इंजिन बंद करून तीन-चार तास उलटलेत, किल्ली घरात खुंटीला आहे, आणि बॉनेटच्या फटीतून धूर येऊ लागतो. पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती कोणीतरी पेटवून दिल्याची. बंद गाडी आपोआप पेटेल कशी? पण किल्ली काढली की गाडीतली वीज झोपते, हा आपला समज चुकीचा आहे. घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, ही मंडळी रात्रभर जागी असतात. ती खातात अगदी थोडा करंट. पण काही वायरींच्या टोकाशी बॅटरीची पूर्ण ताकद कायम उभी असते, आणि बंद गाडी पेटण्याचं कारण शोधताना आधी तिथेच पाहावं लागतं.

फोर्डच्या गाड्यांमधल्या एका स्विचची गोष्ट यासाठी मुळातून समजून घेण्यासारखी आहे. क्रूझ कंट्रोल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी एका वेगात धरून ठेवणारी सोय. ब्रेक दाबला की ती सुटलीच पाहिजे. त्यासाठी पेडलपाशी एक स्विच असतो. तो निकामी झाला तर हाताशी असावा म्हणून ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा आणखी एक स्विच बसवला होता. म्हणजे हा दुसरा स्विच सुरक्षेसाठीच होता. त्याच्या एका अंगाला ब्रेक ऑइल, दुसऱ्या अंगाला विजेचे काँटॅक्ट, आणि मध्ये केप्टॉन नावाच्या प्लास्टिकचा कागदासारखा पातळ पडदा. जोरात ब्रेक दाबला की दाबाने पडदा वाकतो आणि काँटॅक्ट सुटतात. पाय काढला की पडदा परत सरळ. असं वर्षानुवर्षं. एखादी तार सारखी वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसा या पडद्यालाही कधीतरी बारीक तडा जातो आणि ऑइल पलीकडे झिरपतं.

ताजं ब्रेक ऑइल विजेला फारशी वाट देत नाही. पण ते हवेतली ओल शोषून घेतं, त्यात धातूचे कण आणि गंज मिसळतो, आणि मग त्यातून करंट वाहू लागतो. स्विचचं धातूचं अंग गाडीच्या बॉडीला जोडलेलं, आणि काँटॅक्टवर बॅटरीचे १२ व्होल्ट दिवसरात्र हजर, गाडी चालू असो वा बंद. दोघांमध्ये ओल्या, गंजक्या ऑइलची वाट तयार झाली की तिथे ऊब धरते, प्लास्टिक मऊ पडतं, काळं होतं आणि शेवटी पेटतं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत या एका स्विचपायी फोर्डला टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या.

मग फ्यूज काय करत होता? हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण फ्यूज आहे म्हणजे आग लागणार नाही या भरवशावर आपण निर्धास्त असतो.

गाडीची वायरिंग घरापेक्षा वेगळी असते. घरात करंट एका तारेने येतो आणि दुसऱ्या तारेने परत जातो. गाडीत परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच. बॅटरीचं निगेटिव्ह टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं आणि गाडीचा पत्राच परतीचा रस्ता होतो. त्यामुळे तांबं वाचतं. पण पॉझिटिव्ह वायरीचं आवरण कुठेही घासून गेलं आणि उघडी तार पत्र्याला टेकली, की सर्किट तिथल्या तिथे पूर्ण होतं. चांगल्या बॅटरीतून अशा वेळी शेकडो अँपियर धावू शकतात. वायर काही सेकंदांत लाल होईल. हे टाळायला फ्यूज असतो. ठरलेल्या मर्यादेच्या बराच वर करंट गेला की त्यातली पट्टी वितळते आणि रस्ता तुटतो. फ्यूज हा त्या वायरीचा राखणदार आहे, असं म्हणणं सर्वांत अचूक.

राखणदार मात्र फक्त किती करंट जातो एवढंच मोजतो. तो करंट कुठे खर्च होतो, हे त्याला कळत नाही. एक साधा हिशेब करू. १५ अँपियरच्या फ्यूजमागे १० अँपियर घेणारं एखादं उपकरण आहे. वाटेतला एक कनेक्टर सैल झाला, त्यावर गंज चढला, आणि त्या जोडाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.२ ओहम झाला. हा आकडा किरकोळ वाटतो. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १० गुणिले १० गुणिले ०.२, म्हणजे २० वॅट. डाग द्यायची लहान सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीची असते. ती एका नखाएवढ्या जोडात, प्लास्टिकच्या कवचाला टेकवून, तासन् तास चालू ठेवली तर काय होईल, याची कल्पना करा. फ्यूजला मात्र दिसतात १० अँपियर किंवा त्याहून थोडे कमीच, कारण वाढलेल्या रोधाने करंट उलट घटतो. तो गप्प बसतो, आणि त्याच्या नियमाने त्याचं बरोबरच आहे.

जोड बिघडतो तोही एका दिवसात नाही. इंजिनची थरथर, दिवसाचं ऊन, रात्रीचा गारवा यांनी पिना आपल्या खाचेत अगदी सूक्ष्म अंतराने मागेपुढे सरकत राहतात. दर वेळी धातूचा थर किंचित खरवडला जातो, उघडा पडलेला धातू हवेने गंजतो, आणि तो गंज भुकटीसारखा जोडात साठतो. रोध वाढला की ऊब वाढते, उबेने गंज वाढतो, गंजाने पुन्हा रोध. आजच्या गाडीत काही किलोमीटर लांबीची वायर आणि शेकडो जोड असतात. मेकॅनिक मंडळी 'लूज काँटॅक्ट' हा शब्द हजारदा वापरतात, पण विजेचे बहुसंख्य त्रास अशा जोडांतूनच निघतात, म्हणून त्या शब्दाला माझ्या लेखी फार वजन आहे.

जोड बिघडायला गंजच लागतो असंही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातल्या ७४ लाखांहून अधिक गाड्या माघारी बोलावल्या, त्या ग्रीसमुळे. ड्रायव्हरच्या दारावर काचा वरखाली करायचा जो मुख्य स्विच असतो, त्याच्या आत कारखान्यात ग्रीस सारखं लावलं गेलं नव्हतं. कुठे जास्त, कुठे कोरडं. कोरड्या जागी स्विच घासायचा, अडकल्यासारखा वाटायचा, आणि पुढे वितळण्याचा, धूर येण्याचा धोका होता. आता यातली खरी गोम पाहा. बटण खरखरायला लागलं की माणूस काय करतो? हाताशी असेल तो स्प्रे मारतो. कंपनीने नेमकं याचसाठी बजावलं होतं, की बाजारात मिळणारं वंगण या स्विचमध्ये घातलं तर तो वितळू शकतो आणि काही वेळा आगही लागू शकते. बिजागरीला चालणारं तेल विजेच्या काँटॅक्टला चालेलच असं नाही. काँटॅक्ट सुटताना बारीक ठिणगी पडते; चुकीचं वंगण तिच्यात जळून काजळी धरतं, आणि काजळी म्हणजे कार्बन, विजेला वाट देणारा.

आतापर्यंत आगीबद्दल बोललो. पण विजेच्या दोषाने जीव जायला आग लागावीच लागते असं नाही. कधी नको तिथे करंट आल्याने घात होतो, तर कधी हवा तेव्हा तो गेल्याने. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारातलं, आणि त्याबद्दल लिहिताना मला आजही चीड येते. किल्ली फिरवताना जो 'टक्' असा खटका लागतो, तो आत स्प्रिंगवर बसलेल्या एका छोट्या दट्ट्यामुळे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांत हा खटका फार हलका होता. जड जुडगा लोंबत असला, खड्ड्यात गाडी आदळली किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत किल्ली 'ऑन'वरून मागे 'अ‍ॅक्सेसरी'वर, म्हणजे रेडिओसारख्या वस्तूंपुरती वीज देणाऱ्या खुणेवर, सरकायची. इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्या स्थितीत एअरबॅगही उघडायच्या नाहीत. गाडी आदळायची नेमकी तेव्हा, आणि आत बसलेल्यांना वाचवणारी वस्तू मात्र विजेविना गप्प.

कंपनीतल्या अभियंत्यांना हा दोष वर्षानुवर्षं ठाऊक होता. २००६ मध्ये दट्ट्या बदलला गेला, जास्त लांब आणि मजबूत केला गेला, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. वाहन उद्योगात ही अक्षम्य गोष्ट आहे. भाग बदलला की क्रमांक बदलतो. त्याशिवाय जुना कुठला आणि नवा कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. नंतर अपघात तपासणाऱ्यांना काही वर्षांच्या गाड्यांत दोष दिसायचा, पुढच्या वर्षांच्या गाड्यांत दिसायचा नाही, आणि कागदावर दोन्ही स्विच एकच. शेवटी एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने जुना स्विच आणि दुकानातून विकत आणलेला नवा स्विच शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा दट्ट्यातला फरक उघड झाला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या माघारी बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले.

रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या माघारी बोलावण्याची, यंत्रणा कशी चालते, हेही यातून कळतं. एक तक्रार आली तर तो योगायोग असू शकतो. तोच भाग, तीच खूण आणि तशीच परिस्थिती वेगवेगळ्या गावांतून येऊ लागली, की धागा लागतो. मग तो भाग कोणत्या पुरवठादाराकडून, कोणत्या तारखांना, कोणत्या गाड्यांत गेला हे चासी नंबरवरून शोधलं जातं. अमेरिकेत यासाठी १९६६ पासून कायदा आहे. दोष सुरक्षेशी निगडित आहे असं ठरल्यावर कंपनीला पाच कामकाजाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवावं लागतं. रिकॉल जाहीर झाला की लोक ती कंपनी वाईट ठरवून मोकळे होतात. मला हे पटत नाही. लाखो गाड्यांत कुठेतरी चूक राहणारच. दोष सापडल्यापासून मालकाच्या हाती पत्र पडेपर्यंत किती काळ गेला, यावर कंपनी जोखावी.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या सगळ्यात एक नवीन जागा जोडली आहे, ती बॅटरीच्या पोटातली. शेव्हरोले बोल्ट या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत तेव्हा २८८ सेल होते. प्रत्येक सेलमध्ये दोन ध्रुवांचे पातळ थर, आणि त्यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा. बनवताना काही सेलमध्ये ध्रुवाची पट्टी किंचित फाटली होती आणि पडद्याला घडी पडली होती. हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये जमून आले तरच आगीचा धोका. असा योग दुर्मीळ, पण तो कोणत्या गाडीत आहे हे बाहेरून ओळखता येईना, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये तोवर बनलेल्या सगळ्याच, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार बोल्ट गाड्या रिकॉलमध्ये आल्या. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं: चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवा, रात्रभर घरात चार्जिंगला लावून ठेवू नका, गाडी बाहेर उभी करा. भरलेल्या सेलमध्ये ऊर्जा जास्त आणि रसायनंही जास्त तापट, म्हणून ती पहिली सूचना. आणि इथे १२ व्होल्टचा फ्यूज काही कामाचा नाही. शॉर्टसर्किट सेलच्या आतच होतं, त्या वाटेवर फ्यूज नसतोच.

'गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करा' ही ओळ ज्या रिकॉलच्या पत्रात असेल, ते पत्र बाजूला ठेवू नये. ती ओळ फक्त विजेवरच्या गाड्यांना लागू होते असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्यांच्या मालकांना हेच कळवलं. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये आतल्या आत ब्रेक ऑइल गळून शॉर्ट होण्याचा, आणि गाडी बंद असतानाही आग लागण्याचा धोका होता. फोर्डच्या स्विचचीच कथा, वेगळ्या डब्यात.

घरच्या घरी काय पाहावं? जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास, बोटाला गरम लागणारं बटण, लुकलुकणारे दिवे, आणि पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज. शेवटच्याबद्दल जरा ठामपणे सांगतो. १० चा फ्यूज उडतो म्हणून २० चा घालणं किंवा तारेचा तुकडा अडकवणं म्हणजे राखणदाराला घरी पाठवून वायरीलाच फ्यूज बनवणं. नंतर बसवलेल्या दिव्यांचे आणि म्युझिक सिस्टिमचे टेपने गुंडाळलेले जोड तर दर वर्षी उघडून पाहावेत. जुनी गाडी विकत घेतली असेल तर रिकॉलची पत्रं अजूनही पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात असतील. चासी नंबरचे १७ अंक-अक्षरं घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये आपणच विचारावं.

दुरुस्ती अनेकदा इतकी लहान असते, की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. टोयोटाच्या दारात स्विच तपासून खास ग्रीस लावलं. ह्युंदाई-कियाच्या युनिटचा फक्त फ्यूज बदलला. आणि फोर्डने त्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीत, स्वतःचा लहान फ्यूज असलेला वायरीचा एक तुकडा जोडला. आता पुन्हा कधी पडद्याला तडा गेला आणि ऑइल काँटॅक्टपर्यंत पोहोचलं, तर तो फ्यूज उडेल. मालकाला कळेल ते एवढंच, की क्रूझ कंट्रोल चालत नाही.