पोत्यात भरून गेलेलं पाणी

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्टेशनात एक मालगाडी येऊन थांबली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी. मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं, म्हणून मिरजेहून कृष्णेचं पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर रेल्वेनं आणावं लागलं. गाडीचं नाव ‘जलदूत’. पुढे वाघिणी ५० झाल्या आणि एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं.

आता शाळेतलं त्रैराशिक मांडू. ऊस वाढवण्यापासून धरलं, तर १ किलो साखरेमागे साधारण दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे ५० वाघिणींची ती अख्खी गाडी साखरेच्या भाषेत ५० किलोची २५ ते ३३ पोती. एका टेम्पोत मावतील एवढी! आपल्या चहातल्या दोन चमचे साखरेमागे हंडाभर पाणी असतं ते असं.

साखर तर कोरडी असते. मग हे पाणी जातं कुठे? अंगणातल्या झाडाची पानांनी भरलेली एखादी फांदी बघा. सकाळी तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड सुतळीनं घट्ट बांधा. दुपारपर्यंत पिशवी आतून घामेजते, तळाशी चक्क पाणी साचतं. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असं हवेत जातं. झाडाचाही नाइलाज असतो. अन्न तयार करायला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि हवेच्या दहा हजार रेणूंत तो जेमतेम चार. तो आत घ्यायला पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि उघडली की आतली वाफ बाहेर पळते. गहू-भातासारखी पिकं कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे काहीशे रेणू गमावून बसतात.

गंमत म्हणजे ऊस यात हुशार आहे. ऊस, ज्वारी, मका यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड गोळा करून एकवटण्याची खास सोय असते, त्यामुळे तेवढ्याच वाढीला त्यांना गव्हा-भातापेक्षा बरंच कमी पाणी पुरतं. तेव्हा उसाला उधळ्या म्हणण्यात अर्थ नाही. अडचण त्याच्या मुक्कामाची आहे. थंडी सरताना लावलेला ‘सुरू’ ऊस १२ महिने, पावसाळ्यात लावलेला ‘आडसाली’ तर १६ ते १८ महिने रानात उभा; म्हणजे एक पुरा उन्हाळा त्याला पाजायचा. रब्बी ज्वारी मात्र काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर चारेक महिन्यांत हाताशी येते. पाऊस आणि ओल फुकटची. धरणाचं नि बोअरचं पाणी मात्र कुणाच्या तरी वाट्याचं असतं. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या दशकभरापूर्वीच्या हिशेबानुसार महाराष्ट्रात पिकांखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आत होता, पण सिंचनाच्या पाण्यात ७० टक्क्यांच्या घरात.

शेतकऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण उसाला कारखान्याचं गिऱ्हाईक ठरलेलं, दर कायद्यानं बांधलेला, आणि गारपिटीतूनही तो बहुधा सावरतो. तुरीला यातलं काय मिळतं?

पिकात दडलेल्या या पाण्याला लंडनचे प्राध्यापक टोनी अॅलन यांनी ‘आभासी पाणी’ म्हटलं. याच कामासाठी त्यांना २००८ चा स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. मध्यपूर्वेतले कोरडे देश पाण्यावरून लढत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर गव्हाच्या जहाजांत होतं: १ टन गहू आयात केला, की हजारेक टन पाणी वाचलं.

सौदी अरेबियानं आधी उलटा रस्ता धरला. वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेलं पाणी उपसून गहू पिकवला, इतका की १९९० च्या सुमारास तो देश गव्हाच्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. ते पाणी पुन्हा भरणारं नव्हतं. २००८ मध्ये गहू टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं, २०१६ मध्ये सरकारी खरेदी थांबली. त्याच दरम्यान, २०१४ मध्ये, तिथल्या एका दूधकंपनीनं अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात जमीन घेतली आणि तिथलं भूजल उपसून गाईंसाठी लसूणघास पिकवून जहाजानं घरी न्यायला लागली. दुखणं बरं झालं नाही, फक्त पत्ता बदलला.

आपल्याकडे या दुखण्यावर ठिबक सुचवलं जातं. ते लावावंच, पण त्यानं वाचतं ते मुख्यतः मातीवरून उडणारं आणि मुळांखाली मुरून जाणारं पाणी. पानातून जायचं ते जातंच. शिवाय बचत झालेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस लावला, की विहीर होती तिथंच.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं हिशेब दुसऱ्या टोकाकडून धरला. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, उसासारख्या पिकांनाही. पावसाळा सरला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात. उरलेल्या पाण्यावर रब्बीला कोणतं पीक किती घ्यायचं, हे तिथंच ठरतं.