‘अनडू’चं बटण नेमकं काय करतं?

जीमेलवरून मेल पाठवली की काही सेकंद ‘अनडू’ दिसतं. ते दाबलं की निघून गेलेली मेल गूगल परत ओढून आणतं, असा सर्रास समज आहे. पण मेल मुळात निघालेलीच नसते. सेटिंग्जमध्ये ५, १०, २० किंवा ३० सेकंद असे पर्याय असतात. तेवढा वेळ ती रोखून धरलेली असते. समोरच्याच्या सर्व्हरवर एकदा पोचली की ती मागे घेणं पाठवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मला ही युक्ती फार आवडते, कारण माणूस चुकणारच हे ती गृहीत धरते. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी त्यासाठी १९९४ मध्ये मांडलेल्या दहा तत्त्वांपैकी तिसरं हेच आहे: वापरणाऱ्याच्या हातात नियंत्रण हवं, चुकून कुठे शिरला तर बाहेर पडायची वाट समोर दिसायला हवी. अनेक वेबसाइट त्याऐवजी पावलोपावली ‘खात्री आहे का?’ विचारतात. चार वेळा विचारलं की पाचव्यांदा बोट न वाचताच ‘हो’वर जातं.

अनडूचं पोट साधं आहे. तुमची प्रत्येक कृती ताटांच्या चळतीसारखी एकावर एक रचली जाते. अनडू केलं की सर्वांत वरची कृती उचलायची, तिच्या उलट करायचं आणि ती रीडूच्या, म्हणजे उलटवलेलं पुन्हा करण्याच्या, चळतीवर ठेवायची. मध्येच नवं काही टाइप केलंत तर रीडूची चळत रिकामी होते, कारण आता तो रस्ताच उरला नाही. टाइप केलेल्याची उलट कृती म्हणजे खोडणं, ते सोपं. पण फोटो ब्लर केला तर ब्लरवरून मूळ चित्र हुबेहूब काढता येत नाही, म्हणून तिथे जुने पिक्सेलच जपून ठेवावे लागतात.

खरी गंमत दोघं एकाच दस्तऐवजात लिहीत असतात तेव्हा. मजकूर आहे ‘सभा संध्याकाळी’. मी पुढे ‘सहा वाजता’ जोडलं, म्हणजे तिसरा आणि चौथा शब्द. तेवढ्यात तुम्ही सुरुवातीला ‘रविवारी’ घातलंत. आता माझ्या अनडूने तिसरा-चौथा शब्द उडवला तर उरेल ‘रविवारी सभा वाजता’! म्हणून माझ्या कृतीचे क्रमांक तुमच्या कृतीनुसार सरकवावे लागतात: तिसरा-चौथा नव्हे, चौथा-पाचवा. शिवाय माझ्या अनडूने तुमचं ‘रविवारी’ जाता कामा नये. कृती अशा एकमेकींनुसार बदलून घेण्याची पद्धत एलिस आणि गिब्ज या संगणक संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. गूगल डॉक्स याच घराण्यातल्या पद्धतीवर चालतं.

‘एआय तुमच्या मनातलं ओळखेल, बटणं लागणारच नाहीत,’ अशा जाहिराती सध्या जोरात आहेत. अंदाज कितीही चांगला असो, तो कधीतरी चुकणार. आणि यंत्र आपणहून जितकं जास्त करेल तितकी मागे फिरण्याची सोय जास्त लागेल.

काही ठिकाणी मागे फिरताच येत नाही. यूपीआयने चुकीच्या खात्यात गेलेले पैसे एका बटणाने परत येत नाहीत. म्हणून पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे ‘डब्ल्यूसीएजी’ हे आंतरराष्ट्रीय निकष आर्थिक आणि कायदेशीर व्यवहारांना तीन वाटा देतात: कृती उलटवता यावी, चूक तपासून दुरुस्तीची संधी मिळावी, किंवा अंतिम होण्याआधी सगळं पाहून पक्कं करता यावं. यातली किमान एक हवीच.