कडेचे दोन मीटर: सांगलीतल्या सायकल मार्गाच्या मागणीमागचा इतिहास

सांगलीत वाहतुकीचा विषय निघाला की तक्रारी एकदम चारी बाजूंनी येतात. पेठेतले दुकानदार म्हणतात, दारासमोरची गाडी उचलून नेली की गिऱ्हाईक परत फिरकत नाही. पालक म्हणतात, पोराला सायकल घेऊन दिली, पण पुष्पराज चौकातून एकट्याला पाठवायचा धीर होत नाही. रिक्षावाले एकेरी मार्गावर चिडलेले असतात आणि पायी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं कुणी ऐकतच नाही. भांडणं वेगवेगळी दिसतात, जागा मात्र सगळ्यांची एकच आहे: डांबराच्या कडेचे दीड-दोन मीटर. तिथं सायकल चालायची, गाडी उभी राहायची, की हातगाडा लागायचा? हा प्रश्न सांगलीत समोरासमोर बसून कधी सोडवला गेला नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी निर्णयाच्या पोटात त्याचं उत्तर ठरत गेलं. त्या निर्णयांची ही मांडणी.

गाव सपाट, नदीकाठचं. १८०१ साली मिरजेपासून वेगळं संस्थान झालं तेव्हा आखलेल्या पेठा बैलगाडी आणि पायी चालणाऱ्यांच्या मापाच्या होत्या. आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला आणि पलीकडची गावं बाजाराला जोडली गेली. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालचं, अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचं, आणि दोन्ही विश्रामबागच्या अंगाला. गावात राहायचं आणि शिकायला मिरजेच्या दिशेनं जायचं, हा सांगलीच्या पोरांचा रोजचा रस्ता तेव्हापासूनचा. चढ नाही, घाट नाही, त्यामुळं सायकल ही चैन नव्हती, गरज होती. तासाच्या भाड्यानं सायकल देणारी दुकानं होती, सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलिस अडवायचे, डबलसीट पकडलं की दंड व्हायचा. त्या काळात सायकलस्वाराला शिस्त लावण्यासाठी यंत्रणा होती. त्याच्यासाठी रस्त्यावर जागा राखावी, असं मात्र कुणाला वाटलं नाही, कारण सगळा रस्ता त्याचाच होता.

ते चित्र पालटायला दोन गोष्टी कारण झाल्या. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि लोहमार्गाची ही रेघ शहराच्या वाढीच्या आड आली. उत्तरेकडं माधवनगर, संजयनगर, कुपवाड. दक्षिणेकडं जुनं गाव. मध्ये मोजकेच पूल आणि फाटकं. तेव्हापासून आजपर्यंत सांगलीतली निम्मी वाहतूक कोंडी म्हणजे ही रेघ ओलांडायची धडपड. दुसरं कारण ऊस आणि हळद. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि वर्षभर मार्केट यार्डात येणारे ट्रक ज्या रस्त्यानं जातात, त्याच रस्त्यानं शाळा सुटतात. ऐंशीच्या दशकात लुना आणि स्कूटर घरोघरी आल्यावर सायकल कडेला सरकली. कुणी तिला हुसकलं नाही. ती आपोआप मातीच्या पट्ट्यावर गेली.

१९९८ च्या फेब्रुवारीत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. त्यावर तेव्हा बरंच बोलून झालंय. रस्त्यांच्या दृष्टीनं एवढंच महत्त्वाचं की तीन गावांमधला आठ-दहा किलोमीटरचा रस्ता एका रात्रीत शहराच्या आतला रस्ता झाला. पण रस्त्याचा मालक एक, त्यावरचे दिवे दुसऱ्याचे, गटार तिसऱ्याचं आणि वाहतुकीचं नियंत्रण चौथ्याकडं, ही विभागणी तशीच राहिली. सायकलसाठी कडेला पट्टी मागायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा याच भिंतीवर डोकं आपटावं लागतं.

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद होतो, तो घेतो. सायकल मार्ग मागितला की कार्यालयातून ठरलेलं उत्तर येतं: सायकली आहेतच किती? आधी सर्वे होऊ द्या. हे उत्तर मनातून काढलेलं नाही, त्यामागं एक जुना दस्तऐवज आहे. देशातल्या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेनं १९६२ साली सायकल मार्गांच्या आखणीसाठी शिफारशी छापल्या. त्यात निकष संख्येचा होता. रस्त्यावर तासाला १०० ते २०० मोटारी असतील, तर गर्दीच्या तासाला ४०० किंवा त्याहून जास्त सायकली असल्यावर स्वतंत्र मार्ग द्यावा. मोटारी तासाला २०० च्या वर गेल्या, तर अवघ्या १०० सायकलींसाठीही स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. मार्गाची रुंदी किमान दोन मीटर. हे मार्गदर्शन २०१५ साली नव्यानं लिहिलं गेलं, पण आधी मोजा आणि मग बघू, ही सवय जुन्या निकषातून आली आणि ती टिकली.

१९६२ साली हा निकष शहाणपणाचाच होता. रस्त्यावर सायकली मुबलक होत्या आणि मोटारी तुरळक. कुठं पैसा घालायचा हे ठरवायला आकडा हवा होता. पण त्याची दोन कलमं नीट वाचली तर दिसतं की लिहिणाऱ्यांना धोका कळला होता. मोटारी जितक्या वाढतील तितक्या कमी सायकलींसाठी मार्ग द्या, असं ते सांगतात, कारण मोटारींच्या गर्दीत सापडलेल्या थोड्या सायकलींना संरक्षणाची गरज जास्त. कार्यालयांनी मात्र यातला पहिला अर्धाच भाग लक्षात ठेवला. सांगली-मिरज रस्त्यावर आज तासाला २०० मोटारींची मर्यादा कधीच मागं पडली आहे. म्हणजे त्याच जुन्या निकषानं विचारायचा प्रश्न एवढाच उरतो की गर्दीच्या तासाला १०० सायकली आहेत का.

आणि इथं वेळ कळीची ठरते. मोजणी दुपारी बारा वाजता केली तर रस्त्यावर दूधवाला, पेपरवाला, एखादा गवंडी एवढेच सायकलवर दिसतील. सकाळी सातच्या आत आणि शाळा सुटण्याच्या वेळी विश्रामबाग चौकात उभं राहिलं तर चित्र वेगळं असतं. कामगार सकाळच्या पाळीला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जातात ती वेळही अशीच. शिवाय मोजणीत फक्त रस्त्यावर आलेली सायकल सापडते. भीतीपोटी घरी कुलूप लावून ठेवलेली सायकल, आईनं स्कूटीवर मागं बसवून शाळेत सोडलेली मुलगी, वडापच्या रिक्षात दप्तर मांडीवर घेऊन कोंबलेली पोरं, यांची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. मार्ग नाही म्हणून सायकली कमी, आणि सायकली कमी म्हणून मार्ग नाही. रहिवाशांच्या रागाचं मूळ मला इथं दिसतं. त्यांना नकार मिळत नाही, मोजणीचं आश्वासन मिळतं, आणि मोजणी त्यांच्या विरोधातच जाईल अशा वेळी होते.

विरोधी बाजूचाही एक मुद्दा भक्कम आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. सांगलीकडून निघालेली रुग्णवाहिका याच रस्त्यानं जाते. कडेला ठोकळे लावून मार्ग अरुंद केला तर ती कुठून काढायची, हा वाहतूक पोलिसांचा प्रश्न खोटा नाही. पण आज रुग्णवाहिकेला अडवतात त्या कडेला दोन-दोन रांगांत उभ्या केलेल्या गाड्या. चालती सायकल बाजूला होते, उभी मोटार होत नाही.

कायद्याची बाजू फारशी कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून ती थोडी विस्तारानं सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११५ आहे. त्याखाली एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालता येतात, आणि ही बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळाची नसेल तर ती राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी पुरते. एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना प्रवेशबंदी, प्रायोगिक तत्त्वावरचे बदल, यांच्या सूचना एवढ्या पटापट का निघतात आणि तितक्याच पटापट का विरतात, ते यावरून कळावं. कलम ११७ नुसार वाहनं उभी करायच्या जागा ठरवता येतात, त्यासाठी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करायचा असतो. रहिवाशांशी करावा, असं त्यात म्हटलेलं नाही. याउलट शहराचा विकास आराखडा करताना हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात, त्यांची सुनावणी होते. परिणाम असा की घरासमोरून रस्त्याची नवी रेघ गेली तर तुम्ही हरकत घेऊ शकता. पण त्याच रस्त्याच्या कडेला पी-१, पी-२ चे, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगचे, फलक लागून ती जागा रोज मोटारींची झाली, तर तुमचं ऐकणं कुणाला बंधनकारक नाही. सायकलची जागा या दुसऱ्या वाटेनं गेली.

आणि १९८९ च्या रस्ता-नियमांत स्पष्ट म्हटलं होतं की जिथं पदपथ किंवा सायकल मार्ग असेल तिथं गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय मोटार चालवू नये. नियम होता. फक्त तो लागू व्हायला आधी मार्ग असावा लागतो.

मार्ग महाराष्ट्रात आले ते केंद्राच्या पैशातून. २००५ मध्ये सुरू झालेल्या नागरी नूतनीकरण अभियानात राज्यातली पाच शहरं होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं वाहनं नव्हे, माणसं हलवायची असा सूर लावला आणि सायकल मार्गांना मदतीचं दार उघडलं. पुण्यात त्या काळात जलद बस मार्गांच्या कडेनं सायकल मार्ग झाले. त्यांची पुढं काय अवस्था झाली, मधोमध खांब, रोहित्रं, टपऱ्या, तुटलेल्या फरशा, ते पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक सांगलीकरानं बघितलंय. तेच उदाहरण इथं मार्ग नको म्हणायला वापरलं जातं. सांगली त्या यादीत नव्हती. २०१५ नंतरच्या स्मार्ट सिटीतही नव्हती. २०१५ च्या अमृत योजनेत पायी आणि सायकल वाहतूक हाही एक घटक होता, पण पाणी आणि सांडपाणी यांना अग्रक्रम असल्यानं तो घटक बाजूला पडला. म्हणजे पुण्यानं चुका करून निदान काहीतरी शिकून घेतलं. सांगलीला चूक करायचीही संधी मिळाली नाही, आणि त्या चुकांची शिक्षा मात्र मिळाली.

अलीकडच्या सात-आठ वर्षांत गोष्टी वेगानं बिघडल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ नंतरचा हा दुसरा मोठा फटका आणि २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. ज्यांना जमलं ती कुटुंबं आणि दुकानं गावभागातून विश्रामबाग आणि मिरज रस्त्याकडं सरकली. पुराचं पाणी ओसरलं, पण वाहतुकीचा भार पूर्वेला गेला तो परत आला नाही. त्यात ड्रेनेजसाठी उकरलेले रस्ते. खाली काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. चर बुजवून वर डांबर टाकलं तरी एका पावसाळ्यात ते खचतं, आणि खचतं ते नेमकं कडेला, जिथून सायकल जाते.

२०२० च्या टाळेबंदीनं रस्ते मोकळे केले तेव्हा माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. पहाटे हरिपूरच्या रस्त्याला, मिरजेकडं, माणसं दिसू लागली. मागणीला जोर आला तो तेव्हा, आणि मागणी करणाऱ्यांत मध्यमवर्गीय हौशी मंडळी जास्त दिसली. त्याचा तोटा झाला. रोज सायकलवर कामाला जाणारा बांधकाम मजूर आणि शाळकरी मुलगी मागं पडली, आणि सायकल मार्ग म्हणजे पहाटेच्या व्यायामाची सोय, असा समज पक्का झाला.

डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात दंडाचे नवे दर आले. नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. मोबाइलवर चलनाचा संदेश येऊ लागला. लोकांचा राग दंडावर कमी आणि त्यातल्या विसंगतीवर जास्त आहे. मारुती चौकात दहा मिनिटं गाडी लावणाऱ्याला चलन येतं, आणि शंभर फुटी रस्त्यावर गॅरेजपुढं महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाड्या तशाच असतात. हातगाडे आणि खोकी यांचा प्रश्न याहून नाजूक. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं विक्रेत्यांची नोंद करून त्यांच्या जागा ठरवायला सांगितलं आहे. ते काम अर्धवट ठेवून नुसती अतिक्रमण मोहीम काढली की माणूस सकाळी उठवला जातो आणि संध्याकाळी तिथंच बसतो. भाजी विकणाऱ्या बाईला हटवून मिळालेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी मोटार उभी राहणार असेल, तर सायकलवाल्यांनी त्या मोहिमेला टाळ्या वाजवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जून २०२३ मध्ये माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा जुना रेल्वे पूल नव्यासाठी पाडला. मुदत उलटली आणि काम वर्षाहून अधिक लांबलं. तासगावकडून येणारी सगळी वाहतूक जुन्या बुधगाव रस्त्यासारख्या आतल्या वाटांवर आली, गल्ल्यांतून ट्रक जाऊ लागले, पुलाजवळच्या दुकानांचा धंदा बसला. वळसा घालणं मोटारीला पेट्रोलचं नुकसान, सायकलवाल्याला पायांचं. आतापर्यंत तक्रार न करणारी माणसंही तेव्हा रस्त्यावर उतरली, आणि वाहतुकीचा प्रत्येक नवा बदल संशयानं बघायची सवय शहराला लागली ती या काळात. आज एखादा चांगला बदल सुचवला, अगदी शाळेपुढं तासभर अवजड वाहनं थांबवायचा, तरी पहिली प्रतिक्रिया असते की हेही पुलासारखंच लांबणार.

सध्या मागणी दोन गोष्टींवर येऊन थांबली आहे. मोजणी शाळेच्या आणि पाळीच्या वेळी, चारही ऋतूंत आणि सर्वांसमक्ष व्हावी. आणि कलम ११७ खाली पार्किंगची जागा ठरवताना त्याच रस्त्यावर सायकलसाठी किती जागा उरते, हे त्याच आदेशात मीटरमध्ये लिहावं. दोन्हीसाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. राम मंदिर चौक ते विश्रामबाग एवढ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी, असं मागणी करणाऱ्यांचं म्हणणं आहे.