लेम (एमपी३ एन्कोडर)

लेम हे ध्वनी एमपी३ स्वरूपात आणणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. १९९८ साली माइक चेंग यांनी ते सुरू केले. पुढे मार्क टेलर यांनी ते हाती घेतले आणि रॉबर्ट हेगेमान, ताकेहिरो तोमिनागा यांच्यासारख्या प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षे खपून त्याला आजचे रूप दिले. ‘लेम एन्ट ॲन एमपी३ एन्कोडर’, म्हणजे ‘लेम हा एमपी३ एन्कोडर नव्हे’, असा नावाचा विस्तार आहे आणि सुरुवातीला तो अक्षरशः खरा होता. आयएसओ या प्रमाण संस्थेने नमुन्यादाखल दिलेल्या सोर्स कोडवर चढवायचा तो नुसता पॅच, म्हणजे बदलांचा संच, होता, एकटा चालतच नसे. त्या नमुना कोडची शेवटची ओळ मे २००० मध्ये निघाली आणि लेम स्वतःच्या पायावर उभा राहिला.

लेमच्या वाटपात पेटंटची अडचण होती. एमपी३च्या तंत्रावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचे व इतरांचे हक्क होते. सप्टेंबर १९९८ मध्ये फ्राउनहोफरने एन्कोडर वाटणाऱ्यांकडे परवाना शुल्काची मागणी केली. त्यामुळे लेमच्या चमूने तयार प्रोग्राम कधी वाटला नाही, फक्त सोर्स कोड खुला ठेवला. ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममधून एमपी३ काढायची तर लेमची लायब्ररी वेगळी उतरवून घ्यावी लागे, हे त्या काळात घरी कॅसेटी संगणकावर चढवणाऱ्यांना आठवत असेल. परवान्यांचा कार्यक्रम २३ एप्रिल २०१७ रोजी संपला. लेमची ३.१०० ही आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरात आली.

एन्कोडर लिहिणे आणि दुरुस्त करणे हे इतर सॉफ्टवेअरपेक्षा निराळे काम का आहे, ते एमपी३च्या प्रमाणातच दडले आहे. १९९३च्या या प्रमाणात फाइलमधले बिट कसे मांडलेले असतील आणि डिकोडरने, म्हणजे फाइलचा पुन्हा ध्वनी करणाऱ्या प्रोग्रामने, ते कसे उलगडायचे, एवढेच पक्के सांगितले आहे. डिकोडरच्या आउटपुटमध्ये किती चूक चालते याचाही आकडा ठरलेला आहे. एन्कोडरने मात्र काय ठेवायचे आणि काय टाकायचे, ते त्याचे त्याने ठरवायचे. त्यामुळे बिघडलेला एन्कोडर बोंब मारत नाही. फाइल उघडते, वाजते, लांबीही बरोबर दिसते, फक्त ऐकताना कुठेतरी खटकते. लेमच्या चमूची बरीचशी मेहनत असल्या मुक्या दोषांच्या मागावर खर्च झाली आहे.

सीडीवर सेकंदाला १,४११.२ किलोबिट असतात. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये त्यातला साधारण अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, म्हणून तिथे खरबरीत, म्हणजे ढोबळ, आकडे लिहून बिट वाचवायचे, हे यातले मुख्य तत्त्व. कुठे काय झाकले जाईल याचा अंदाज बांधणाऱ्या भागाला श्रवण-प्रतिमान म्हणतात. टेलर यांनी ‘जीसायको’ नावाचे नवे प्रतिमान लेममध्ये घातले आणि त्यानंतर लेमचा दर्जा झपाट्याने वाढला.

या अंदाजाची कसोटी लागते ती टाळाच्या पहिल्या ठोक्यावर. एमपी३ ध्वनीचे लहान तुकडे, म्हणजे ब्लॉक, पाडतो. नेहमीच्या लांब ब्लॉकमध्ये तो ध्वनीच्या ५७६ कंप्रतारेषा (कंप्रतेनुसार पाडलेली घरे) करतो आणि त्यासाठी सुमारे २६ मिलिसेकंदांचा तुकडा एकदम पाहतो. आकडे खरबरीत लिहिल्यामुळे होणारी खरखर या सबंध तुकड्यात पसरते. ठोका तुकड्याच्या शेवटी शेवटी पडला, तर खरखर त्याच्या आधीच्या शांततेतही सांडते. ठोक्यानंतरची खरखर कान शंभरेक मिलिसेकंद सहज झाकतो, आधीची मात्र जेमतेम काही मिलिसेकंदच. मग स्वच्छ ‘छन्’ऐवजी आधी एक हलकी ‘फुस्’ आणि मग ‘छन्’ ऐकू येतो. याला पूर्व-प्रतिध्वनी म्हणतात. युरोपातले अभियंते तो पकडायला कॅस्टनेटचे नमुने वापरत. आपल्याकडे टाळ, चिपळ्या आणि लेझीम तेच काम चोख करतात. अभंगाच्या जुन्या, कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी बिट वापरणाऱ्या) एमपी३मध्ये टाळ फाटल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

यावर उपाय म्हणजे ठोका येताना दिसला की आखूड ब्लॉक वापरायचे. त्यात १९२च रेषा असतात, पण खरखर तेवढ्याच थोड्या वेळात कोंडली जाते. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सीडीच्या ध्वनीत लांब ब्लॉकच्या दोन रेषांत सुमारे ३८ हर्ट्झचे अंतर असते, तर आखूड ब्लॉकच्या दोन रेषांत ११५चे. काळी एकच्या सुरात लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर वाजते आणि तिचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूरही, तेवढ्याच अंतरांनी वर चढत जातात. आखूड ब्लॉकच्या जाळीत दोन-दोन स्वरांश एकाच घरात पडतात. म्हणजे तबल्याची चाट सांभाळायला जावे तर तानपुरा गढूळ होतो आणि तानपुरा जपावा तर चाटेपुढे फुसफुस येते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात दोन्ही अखंड एकत्र चालू असल्याने एन्कोडरची कसोटी लागायला याहून कठीण संगीत क्वचितच मिळेल. अशा वेळी लेम सोप्या फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे फाइलमधला एक छोटा तुकडा) वाचवलेले बिट अवघड फ्रेमवर खर्च करतो. पण हा गल्ला लहान असतो: एखादी फ्रेम आपला मजकूर फार तर ५११ बाइट मागून सुरू करू शकते.

‘आवाज चांगला येत नाही’ एवढ्या तक्रारीवर कोणताही प्रोग्रामर काही करू शकत नाही. दोष जिथे ऐकू येतो तो काही सेकंदांचा मूळ, न आवळलेला तुकडा, लेमची आवृत्ती आणि वापरलेली सेटिंग एवढे तरी हवे. त्याआधी फाइल दुसऱ्या डिकोडरने उलगडून ऐकावी. मूळ ध्वनिमुद्रणातच आवाज मर्यादेबाहेर चढून फाटलेला असणे, सीडीवरचा ध्वनी संगणकावर उतरवताना चूक होणे किंवा प्लेअरचा इक्वलायझर चालू राहणे, ही कारणे एन्कोडरच्या बगपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतात. त्यानंतर एबीएक्स चाचणी करावी. यात ‘ए’ मूळ, ‘बी’ एमपी३ आणि ‘एक्स’ या दोहोंपैकी गुप्तपणे निवडलेला एक असतो. ‘एक्स’ कोणता ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणून तेवढे जमले तर फरक खरा धरतात. वर्णपटाचे (कोणत्या कंप्रता किती आहेत ते दाखवणारे) चित्र पाहून केलेली तक्रार बहुतेक वेळा फुकट जाते. १२८ किलोबिटला लेम १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचे मुद्दामच कापतो. चित्रात ती कात्री ठळक दिसते, कानाला मात्र त्याने खालच्या कंप्रतांच्या पट्ट्यांत बिट मोकळे करून दिलेले असतात.

काही दोष ध्वनीचे नसून मोजमापाचे असतात. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत सुरुवातीचा माहितीचा टॅग नसला, तर काही प्लेअर पहिल्या फ्रेमच्या बिटरेटवरून लांबी काढतात आणि पाच मिनिटांचे गाणे बारा मिनिटांचे दाखवतात. गाण्यांमधली फट हाही त्यातलाच प्रकार. लेम सुरुवातीला ५७६ सॅम्पल (ध्वनीची एकेक मोजमापे) एवढी शांतता घालतो आणि डिकोडर आणखी ५२९ घालतो. मिळून २५ मिलिसेकंद. शेवटची फ्रेम भरून काढायला मागेही शांतता जोडली जाते. एरवी हे जाणवत नाही, पण विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत दुसऱ्यात असला की सांध्यावर तानपुरा उचकी दिल्यासारखा तुटतो. म्हणून लेम पुढची-मागची भर नेमकी किती ते टॅगमध्ये लिहून ठेवतो आणि तो टॅग वाचणारा प्लेअर तेवढा भाग कापून सलग वाजवतो. फाइली संपादित करताना हा टॅग उडाला की फट परत येते.

एका दोषापुढे मात्र लेमचाही इलाज चालत नाही. लांब ब्लॉकमधल्या कंप्रतांच्या २१ पट्ट्यांना खरखर कमी-जास्त करायला स्वतंत्र गुणक मिळतात. सुमारे १६ किलोहर्ट्झच्या वरच्या उरलेल्या पट्टीला असा गुणक प्रमाणात ठेवलेलाच नाही. झांजांसारख्या वाद्यांमुळे तिथे ध्वनी भरपूर असला, तर ती एक पट्टी स्वच्छ करण्यासाठी सगळ्याच पट्ट्या बारीक मोजाव्या लागतात आणि बदलत्या बिटरेटची फाइल विनाकारण फुगते. या पट्टीतली खरखर हिशेबात धरू नये असे सांगणारा ‘वाय’ नावाचा पर्याय लेममध्ये आहे. त्याने फाइल आटोक्यात येते, वरची पट्टी मात्र खरबरीत राहते.