वॉटर की (ट्यूबा)

वॉटर की : ट्यूबा, युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्रम्पेट इ. पितळी सुषिर वाद्यांच्या नळीत वाजवताना साचणारे पाणी वाद्य न खोलता बाहेर सोडण्यासाठी बसवलेली लहान झडप. नळीला पाडलेले एक भोक, त्यावर डागलेली बुटकी तोटी, तोटीचे तोंड बंद ठेवणारी बुचाची किंवा रबराची चकती आणि ती दाबून धरणारी स्प्रिंगची तरफ, एवढाच तिचा पसारा. बोलण्यात तिला थुंकीची चावी म्हटले जाते. पण नळीतले पाणी मुख्यतः थुंकी नसून श्वासातली वाफ थंड पितळेवर निवून झालेले असते. हा भेद शब्दापुरता नाही. चावी कोणती निवडावी, कुठे बसवावी आणि कोणत्या ऋतूत तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे सारे त्यावर ठरते.

उगम : वॉटर कीचा उगम साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे ट्यूबाच्या जन्माच्या आगेमागे ठेवला जातो. वाद्यात काही काळ वाजवल्यावर पाणी होते हे वादकांना त्याआधीही ठाऊक होतेच. अठराव्या शतकातील साध्या ट्रम्पेट-हॉर्नना चावी नसे. वाद्य उलटे करून किंवा जोडनळी काढून झटकले की काम भागे. श्ट्योल्झेल व ब्ल्यूमेल या जर्मन वादकांनी 1818 मध्ये व्हॉल्व्हचे (बोटाने दाबून हवा जादा नळीत वळवणाऱ्या झडपेचे) पेटंट घेतले आणि वाद्याला दोन-तीन जादा वळसे आले. या वळशांत अडकलेले पाणी नुसते उलटे करून निघत नाही, तेव्हा चावीची गरज व्हॉल्व्हमुळे निर्माण झाली, असे एक मत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे वाटत नाही. ट्रॉम्बोनला व्हॉल्व्ह नसतानाही चावी आली. उलट व्हॉल्व्ह असलेले कित्येक फ्रेंच हॉर्न आजही चावीवाचून वाजवले जातात, कारण गोल वाद्य हातात फिरवून रिकामे करता येते.

दुसरा विचार यंत्ररचनेचा आहे. स्प्रिंग, तरफ आणि गादी यांनी बंद होणारे भोक पितळी वाद्यांवर आधीच आलेले होते. डब्लिनच्या जोसेफ हॅलिडेचे चाव्यांचे ब्यूगल 1810 चे, तर पॅरिसच्या अलारीचे ओफिक्लाइड 1821 च्या पेटंटातले. या वाद्यांत चावी सुरासाठी उघडे. तीच रचना आकाराने लहान करून पाण्यासाठी वापरणे कारागिराला अवघड नव्हते. 12 सप्टेंबर 1835 रोजी व्हीप्रेख्ट व वाद्यकार मॉरित्झ यांनी प्रशियात एफ स्वराच्या बास-ट्यूबाचे पेटंट घेतले, तेव्हा हे कसब युरोपातील कारखान्यांत रुळलेले होते. व्हीप्रेख्ट प्रशियाच्या लष्करी बँडचा माणूस होता, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. चालत्या पलटणीत वाद्य उलटे करायला सवड नसते. म्हणून एखाद्या कारागिराला वॉटर कीचे जनकत्व देण्यापेक्षा, चाव्यांच्या वाद्यांचे कसब आणि लष्करी बँडची निकड यांच्या मेळातून ती हळूहळू रूढ झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

पाणी किती व केव्हा : उच्छ्वास सुमारे 35 अंश सेल्सिअसचा आणि वाफेने जवळजवळ भरलेला असतो. अशा 1 घनमीटर हवेत सुमारे 40 ग्रॅम वाफ मावते. 15 अंशांना जेमतेम 13 ग्रॅम. उरलेले 27 ग्रॅम पितळेवर उतरू शकतात. 4 लिटरचा एक दमसास धरला, तर 250 फुंकरींत जास्तीत जास्त पाच-साडेपाच चहाचे चमचे पाणी होईल. प्रत्यक्षात ते कमी भरते, कारण वाजवता वाजवता पितळ तापते. बीबी-फ्लॅट (खालच्या बी-फ्लॅट सुराच्या) ट्यूबाची नळी मात्र सुमारे 18 फूट लांब. फुंकर शेवटाला पोहोचेपर्यंत तिला निवायला वाव बराच मिळतो.

याच हिशेबाने, उदाहरणार्थ, वडोदऱ्याचे (तिथल्या बँडांविषयी शेवटी पाहा) वर्ष दोन टोकांत विभागले जाते. मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो. तेव्हा दुपारी बाहेर ठेवलेल्या ट्यूबाचे पितळ श्वासाहून गरम असल्याने आत पाणी धरतच नाही. त्या दिवसांत चावी गळते की नाही याकडे कुणाचे लक्ष जात नाही आणि बूच मात्र सुकून आकसते. कार्तिकी एकादशीचा विठ्ठलनाथजींचा आणि देवदिवाळीचा नरसिंहजींचा वरघोडा (देवाची मिरवणूक) निघतो त्या सुमारास हवा निवू लागते, आणि उन्हाळ्यात सुकलेले बूच नेमके तेव्हा दगा देते. चावीची तपासणी दिवाळीआधी करावी, ती यासाठी.

निवड : पारंपरिक तरफेची चावी, अमाडो पद्धतीची दट्ट्याची चावी आणि अलीकडच्या काही बनावटी, असे प्रकार आढळतात. अमाडोत आडव्या नळकांड्यातला बारीक दट्ट्या बोटाने आत ढकलला की भोक उघडते. बूच नाही, बाहेर लोंबणारी तरफ नाही, आणि नळीच्या आतल्या भिंतीत खळगा कमी पडतो. ट्रम्पेटला ती शोभते. ट्यूबाच्या मुख्य ट्यूनिंग स्लाइडवर (सूर जुळवण्यासाठी सरकवायच्या नळीवर) मात्र तिची शिफारस करवत नाही. ट्यूबात पाणी अधिक आणि अमाडोचे भोक लहान, त्यामुळे दोन सुरावटींमधल्या विरामात ते पुरते निघत नाही. शिवाय तेल न घातल्यास दट्ट्या साक्याने अडकतो, कधी उघडाच राहतो. आणि मिरवणुकीच्या मध्यावर उघडी राहिलेली चावी म्हणजे गेलेला बास (खालचा सूर). आतल्या लहान व्हॉल्व्ह-स्लाइडवर, जिथे तरफेला जागा नसते, तिथे ती उपयोगी पडते.

चावीच्या प्रकाराइतकेच तिच्या जागेला महत्त्व आहे. वाद्य वाजवण्याच्या स्थितीत धरल्यावर जो वळसा सर्वांत खाली येतो, तिथे ती हवी. मांडीवर धरलेल्या ट्यूबाचा तळ आणि खांद्यावर घेतलेल्या सूझाफोनचा (अंगाभोवती वेढून चालता चालता वाजवायच्या ट्यूबाचा) तळ एक नसतो. सूझाफोन प्रथम कुणी बनवला याविषयी वाद आहे. कॉन या अमेरिकी कारखानदाराच्या 1898 च्या वाद्याला पूर्वी मान दिला जाई, आता जे. डब्ल्यू. पेपर या दुसऱ्या कारखानदाराच्या 1893 च्या वाद्याकडे कल अधिक दिसतो. त्या सुरुवातीच्या वाद्यांचा कर्णा आकाशाकडे उघडा असे आणि पावसाचे पाणीही आत येई. हल्लीच्या सूझाफोनची मान व तिचे तुकडे निघतात, ते झटकले की वरचे पाणी जाते. ब्लेकलीच्या 1874 च्या भरपाई-पद्धतीच्या (एकाहून अधिक व्हॉल्व्ह दाबल्यावर बिघडणारा सूर जादा नळीने सुधारणाऱ्या) ट्यूबात व्हॉल्व्हमागे जादा वळसे असतात. त्यांतले पाणी बहुधा चावीला दाद देत नाही, स्लाइड काढूनच ओतावे लागते. स्लाइड ओढताना तिचा व्हॉल्व्ह दाबून धरावा, नाहीतर आतली हवा ओढली जाऊन ‘फट्’ असा आवाज होतो.

निगा : बूच काढून पाहावे. चांगल्या बुचावर तोटीच्या काठाचा गोल ठसा सर्व बाजूंनी सारखा उमटलेला असतो, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या जागेत जणू नाण्याची कड दाबावी तसा. ठसा एका बाजूला खोल आणि दुसरीकडे पुसट असेल, तर दोष बुचाचा नसून वाकलेल्या तरफेचा किंवा तिरप्या तोटीचा असतो, आणि नवे बूचही महिन्याभरात तसेच होईल. बूच व तोटी यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून ओढून पाहणे, किंवा तोटीवर साबणाचे पाणी लावून स्लाइडचे एक टोक बंद करून दुसऱ्यातून फुंकणे, या दोन्ही परीक्षा विश्वसनीय आहेत. बुडबुडा आला की गळती नक्की. सुईच्या अग्राएवढी गळतीही काही सूर ढिले करते. वादक ओठांना दोष देत बसतो. पाण्याची खळखळ ऐकू येते, हवेची गळती येत नाही, म्हणून दुसरी अधिक घातक.

स्प्रिंग कडक असावी हा समज चुकीचा आहे. ट्यूबात हवा भरपूर लागते, पण तोंडातला दाब ट्रम्पेटपेक्षा कमी असतो. कडक स्प्रिंग बूच कापते, दुसरे काही साधत नाही. बिजागरीच्या खिळ्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तो बुचावर ओघळू देऊ नये. नवे बूच वाटीत लाखेने बसवण्याची जुनी रीत अजून उत्तम, कारण लाख तापवून पुन्हा सरळ करता येते. रबराच्या चकत्या अधिक टिकतात, मात्र तोटीचा काठ अगदी सपाट नसेल तर त्या बुचाइतके सांभाळून घेत नाहीत. वाजवणे संपल्यावर पाणी पूर्ण काढूनच वाद्य पेटीत ठेवावे. ओल राहिली की पितळातले जस्त झिजते आणि नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके उमटतात. ठिपका दिसला म्हणजे झीज बहुधा आतून सुरू झालेली असते. तिथे डाग (झाळ) देऊन उपयोग नाही, नळीचा तुकडाच बदलावा लागतो.

वडोदरा : सयाजीराव गायकवाड तिसरे (कारकीर्द 1875–1939) यांच्या काळात मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली 1886 मध्ये येथे गायनशाळा सुरू झाली, संस्थानचा पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. आज शहरात बास वाजतो तो मुख्यतः लग्नाच्या आणि वरघोड्याच्या बँडांत. या बँडांतली पितळी वाद्ये बहुधा मेरठच्या जली कोठीतून येतात, आणि त्यांची चावी तरफेचीच असते. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातून जाणारी मिरवणूक थबकली की बासवाला अंगठ्याने तरफ दाबतो, वाद्यात स्वर न काढता एक लांब कोरडी फुंकर मारतो आणि डांबरावर पाण्याची बारीक धार पडते. ती फुंकर महत्त्वाची. नुसती चावी उघडून पाणी आपोआप निघत नाही, ते हवेने ढकलावे लागते, आणि पहिली धार थांबल्यावर तरफ आणखी दोन-तीन क्षण दाबून ठेवावी लागते, कारण वरच्या वळशातले पाणी मागाहून उतरते.