घास अडकण्याच्या आजाराची साडेतीनशे वर्षे

कोरड्यासात कुस्करून खाल्ली तरी भाकरी छातीत अडते. वरून तांब्याभर पाणी प्यावं, तर तेही उतरत नाही. रात्री आडवं झालं की संध्याकाळचं जेवण जसंच्या तसं उशीवर येतं. ते फारसं आंबट नसतं, कारण पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. आपल्या मराठवाड्यात याचं पहिलं नाव 'पित्त'. वजन उतरू लागलं की दुसरी शंका टीबीची. 'अकॅलेझिया' हे खरं नाव कळेपर्यंत वर्षं निघून जातात. दरवर्षी लाखात साधारण एकालाच हा आजार होतो, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी उभ्या कारकिर्दीत असा रुग्ण पाहिलेला नसला तर नवल नाही.

पहिली नोंद 1674 ची. इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी एका रुग्णाला देवमाशाच्या हाडाची काडी करून दिली, टोकाला स्पंज लावलेली. जेवताना ती घशातून घालायची आणि अन्न खाली ढकलायचं. ऐकून अंगावर काटा येतो, पण तो माणूस सुमारे पंधरा वर्षं असाच जेवला. पुढे 1881 मध्ये शल्यविशारद मिकुलिच यांनी याला जठराच्या तोंडाचा आकडीसारखा आवळ मानलं. प्रत्यक्षात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, नष्ट होतात, अन्न खाली ढकलणारी नळीची लाट थांबते आणि खालची झडप सैल पडायचं विसरते. 'अकॅलेझिया' या शब्दाचा अर्थच सैल न होणं.

14 एप्रिल 1913 रोजी जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी त्या झडपेचा स्नायू चिरला. फुग्याने झडप ताणणंही होतं, पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आली. 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी पोटावर छेद न देता तोंडातूनच एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, नेऊन आतून तोच स्नायू कापला. त्याला 'पोएम' म्हणतात. खरं सांगायचं तर विलिसच्या काडीपासून पोएमपर्यंत सगळे उपाय एकच काम करतात, वाट मोकळी करणं. गेलेल्या मज्जापेशी कुणीच परत आणलेल्या नाहीत. म्हणून उपचारानंतरही सावकाश खावं लागतं, आणि झडप मोकळी झाल्यामुळे कधी कधी खरोखरचं पित्त वर येऊ लागतं!

अडचण निदानाची आहे. सुरुवातीला एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते. बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं द्रव, पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिकेचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. पक्कं निदान मॅनोमेट्रीने, म्हणजे नळीतला दाब मोजून होतं. ही सोय जिल्ह्याजिल्ह्यात नसते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय यांच्या पुढे जायचं ठरलं की नांदेड-परभणीकडची माणसं अजूनही हैदराबादची गाडी धरतात. मनमाडहून तिकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळातला. 1948 ला राज्य गेलं, पण आजारी माणसाची वाट तीच राहिली. लातूर-धाराशिवकडचे सोलापूर, पुणे गाठतात.

खर्चाचं म्हणाल, तर 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाचा भर मुख्यतः आनुवंशिक आजारांवर आहे. मदतीची आशा महात्मा फुले जन आरोग्य योजनेकडून. ती 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. आपली शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे निघण्याआधीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारावं, आणि बेरियमची फिल्म विसरू नये.